जॉन हंटर : जन्मतः राहून गेलेल्या अवयवांचा शोध घेणारे सर्जन

हर्नियाच्या ऑपरेशनला घेतलेल्या पुरुषाच्या पोटात गर्भाशय सापडलं, अशी बातमी अधूनमधून मोबाईलवर फिरते. खाली हसण्याची चित्रं, टिंगल, नाही नाही ते शेरे. असं खरंच घडतं. क्वचित घडतं, पण घडतं. त्यात त्या माणसाचा दोष नसतो आणि त्याच्या आईबापाचाही नसतो.

मूल पोटात असताना मुलाचे अवयव कुठे तयार होतात, कुठून कुठे सरकतात आणि मध्येच कुठे अडकतात, हे ज्या मोजक्या लोकांनी सुरुवातीला शरीर उघडून नीट पाहिलं, त्यांत जॉन हंटर यांचं नाव फार वरचं आहे. अडीचशे वर्षांपूर्वीचा हा माणूस शेतकऱ्याच्या घरातला होता, शाळेत रमला नाही, आणि तरी इंग्लंडच्या राजाचा सर्जन झाला.

शेतातल्या घरातलं धाकटं पोर

स्कॉटलंडमध्ये ग्लासगो शहराजवळ ईस्ट किलब्राइड नावाचं गाव आहे. त्याच्या शेजारी लाँग कॅल्डरवूड इथल्या शेतातल्या घरात फेब्रुवारी १७२८ मध्ये जॉनचा जन्म झाला. दहा भावंडांत तो सगळ्यात धाकटा. त्यातली काही भावंडं लहानपणीच गेली. जॉन १३ वर्षांचा असताना वडील वारले.

पोराला पुस्तकाचा कंटाळा होता. वर्गात बसण्यापेक्षा रानात भटकायचं, मुंग्या बघायच्या, पक्ष्यांची घरटी शोधायची, पानांचा रंग का बदलतो असं लोकांना विचारत सुटायचं, हा त्याचा उद्योग. उत्तर कुणाकडेच नसायचं. पुढे काही दिवस ग्लासगोला मेव्हण्याच्या सुतारकामाच्या दुकानात त्याने हात चालवला. हात मात्र चांगला बसला, आणि तोच पुढे कामाला आला.

थोरला भाऊ विल्यम तोवर लंडनमध्ये डॉक्टर म्हणून नाव कमावून बसला होता. शरीररचना शिकवायची त्याची स्वतःची शाळा होती. १७४८ मध्ये, विशीत, जॉन घोड्यावर बसून लंडनला निघाला आणि भावाच्या हाताखाली कामाला लागला. भावाने त्याला मेलेल्या माणसाचा एक हात दिला आणि स्नायू मोकळे करून दाखवायला सांगितलं. काम इतकं साफ झालं की विल्यमने त्याला कायमचंच ठेवून घेतलं.

त्या काळात प्रेतं मिळवणं अवघड होतं. कायद्याने मिळणारी प्रेतं थोडी, विद्यार्थी फार. मग रात्री कबरी उकरून प्रेतं विकणारे लोक होते, आणि शरीररचनेच्या शाळा त्यांच्याकडून माल घ्यायच्या. जॉनच्या वाट्याला हे कामही आलं. आज आपल्याला ऐकवणार नाही, पण इतिहास असाच आहे.

गोटी खाली कशी उतरते

१७५० नंतरच्या दहा वर्षांत हंटर यांनी एक प्रश्न हातात घेतला. काही मुलांना जन्मतःच जांघेत हर्निया का असतो? आणि काही मुलांच्या अंडकोषाच्या पिशवीत गोटी, म्हणजे वृषण, का नसतं?

अल्ब्रेख्त फॉन हॅलर या स्विस अभ्यासकाने यावर १७५५ मध्ये लिहिलं होतं. विल्यमने ते वाचलं आणि धाकट्या भावाला खात्री करायला सांगितलं. हंटर यांनी दिवस पूर्ण न झालेले, वेगवेगळ्या महिन्यांचे मृत गर्भ एकेक करून तपासले. त्यांना जे दिसलं ते असं.

मुलाचं वृषण सुरुवातीला खाली नसतंच. ते पोटाच्या आत, मूत्रपिंडाजवळ तयार होतं. मग महिन्यामहिन्याने खाली येतं. शेवटच्या काही महिन्यांत जांघेतल्या वाटेने बाहेर पडून पिशवीत जाऊन बसतं. या प्रवासात त्याच्या खालच्या टोकाला एक दोरीसारखा पट्टा असतो. हाच पट्टा वृषणाला वाट दाखवतो असं वाटल्यामुळे हंटर यांनी त्याला गुबर्नाक्युलम हे लॅटिन नाव दिलं. त्याचा अर्थ नावेचं सुकाणू. हे नाव जगभरच्या डॉक्टरी पुस्तकांत आजही तेच आहे.

वृषण खाली येताना पोटातल्या पडद्याची एक पिशवी त्याच्या बरोबर खाली येते. पुढे तिचं तोंड बंद व्हायला पाहिजे. ते उघडं राहिलं तर त्यातून आतडं खाली उतरतं. हाच जन्मजात हर्निया. म्हणजे मूल फार रडलं किंवा कुणी नीट धरलं नाही म्हणून तो होत नाही. बंद व्हायचं दार उघडं राहिलं, इतकंच त्याचं कारण.

हे काम १७६२ मध्ये विल्यमच्या ग्रंथात छापून आलं. त्याआधी पर्सिव्हल पॉट या नामवंत सर्जनने याच विषयावर लिहिलं होतं आणि त्यावरून श्रेय कुणाचं असा मोठा वादही झाला. गंमत म्हणजे पॉट हे हंटर यांचे शिक्षकच होते.

वृषण खाली न उतरण्याबद्दल हंटर यांचं मत होतं की अनेकदा दोष मुळात वृषणातच असतो, म्हणून ते उतरत नाही. आजचे डॉक्टर त्यात आणखी एक गोष्ट जोडतात. पोटातली उष्णता जास्त असते, त्यामुळे वृषण जितके दिवस वर राहील तितकं त्याचं नुकसान वाढतं.

याच चिरफाडीच्या कामात पुरुषाच्या शरीरात शुक्रवाहिनीच नीट तयार झालेली नाही असाही देह त्यांच्या हाती आला. शुक्रवाहिनी म्हणजे नसबंदीत बांधतात ती नस. ती जन्मतः नसू शकते, याच्या सगळ्यात जुन्या नोंदींमध्ये हंटर यांची नोंद धरली जाते.

लढाई, दात आणि हॉस्पिटल

सततच्या कामाने तब्येत ढासळली, तेव्हा १७६० मध्ये हंटर सैन्यात सर्जन म्हणून गेले. १७६१ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्याजवळच्या बेल इल बेटावर आणि पुढे पोर्तुगालमध्ये त्यांनी काम केलं. त्या वेळी गोळी लागली की जखम आणखी चिरायची पद्धत होती. हंटर यांच्या लक्षात आलं की लपून राहिल्यामुळे ज्या सैनिकांवर काहीच उपचार झाले नाहीत, ते चिरलेल्यांपेक्षा बरे निघाले. तेव्हापासून उगाच चाकू लावायचा नाही, हे त्यांनी धरून ठेवलं.

परत आल्यावर पैशाची ओढाताण होती. त्यांनी दातांच्या वैद्याबरोबर काम केलं आणि १७७१ मध्ये माणसाच्या दातांवर पुस्तक लिहिलं. १७६८ मध्ये लंडनच्या सेंट जॉर्ज हॉस्पिटलमध्ये सर्जन झाले. १७७१ मध्ये कवयित्री ॲन होम यांच्याशी लग्न झालं. चार मुलं झाली, दोनच जगली. १७७६ मध्ये राजा तिसरा जॉर्ज याचे सर्जन म्हणून नेमणूक झाली.

त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांत एडवर्ड जेन्नर होते. देवीच्या रोगावरची लस याच जेन्नरनी १७९६ मध्ये शोधली. नुसता विचार करत बसू नका, करून बघा, ही शिकवण त्यांना हंटर यांच्याकडून मिळाली होती.

हंटर यांचं सगळंच बरोबर निघालं असं नाही. १७८६ च्या पुस्तकात त्यांनी परमा आणि गरमी हे दोन गुप्तरोग एकच असल्याचं लिहिलं. ते साफ चुकीचं होतं, आणि त्यांच्या नावाच्या वजनामुळे ती चूक कित्येक वर्षं चालत राहिली.

गोऱ्ह्याबरोबर जन्मलेली कालवड

आता शेतकऱ्याला ओळखीची गोष्ट. गाईला जुळं झालं, एक गोऱ्हा आणि एक कालवड, तर ती कालवड पुढे बहुतेक फळत नाही. माजावर येत नाही, गाभण राहत नाही. इंग्लंडच्या शेतकऱ्यांना हे पिढ्यान् पिढ्या माहीत होतं. अशा कालवडीला ते फ्रीमार्टिन म्हणायचे. तिला पोसून कापायला द्यायचे नाहीतर बैलासारखी जुंपायचे. कारण मात्र कुणी शोधलं नव्हतं.

हंटर यांनी अशा कालवडी मिळवून तपासल्या आणि १७७९ मध्ये रॉयल सोसायटीपुढे लेख मांडला. बाहेरून कालवड दिसणाऱ्या या जनावराच्या पोटात गर्भाशय अपुरं होतं, आणि बीजकोषाच्या जागी काही वेळा वृषणासारखा अवयव होता. म्हणजे बाहेरून एक आणि आतून थोडं वेगळं. शेतकऱ्याचं जुनं ज्ञान खरं होतं, हे त्यांनी आतून दाखवून दिलं. का घडतं, ते मात्र त्यांच्या काळात कळणं शक्य नव्हतं.

उत्तर यायला जवळपास १४० वर्षं लागली. १९१६ मध्ये अमेरिकेतले फ्रँक लिली यांनी दाखवलं की गाईच्या पोटात दोन्ही वासरांची वार एकमेकांत मिसळते आणि रक्त इकडून तिकडे जातं. गोऱ्ह्याच्या रक्तातून आलेला रस कालवडीचे अवयव वाढू देत नाही.

माणसात मुलगा-मुलगी जुळी झाली तर असं होत नाही. त्यांच्या वारेतलं रक्त सहसा एकमेकांत मिसळत नाही. म्हणून भावाबरोबर जन्मलेल्या मुलीवर वांझपणाची शंका घेणं चुकीचं आहे.

कापडाच्या व्यापाऱ्याचं घर

लंडनमधला एक कापडाचा व्यापारी हंटर यांच्याकडे आला. मूल होत नव्हतं. तपासल्यावर दिसलं की दोष नवऱ्यात आहे. त्याचं लघवीचं छिद्र लिंगाच्या टोकाला नसून खालच्या बाजूला होतं. जन्मापासून तसंच. त्यामुळे वीर्य जागेवर पोचत नव्हतं.

हंटर यांनी त्याला सल्ला दिला की गरम केलेल्या पिचकारीत वीर्य घ्यायचं आणि लगेच बायकोच्या योनीत सोडायचं. त्याने तसं केलं आणि बायकोला दिवस गेले. ही हकिगत हंटर गेल्यानंतर, १७९९ मध्ये, त्यांचे मेव्हणे एव्हरार्ड होम यांनी प्रसिद्ध केली. माणसातल्या कृत्रिम रेतनाची ही सर्वात जुन्या नोंदींपैकी एक आहे. गावात जनावरांच्या दवाखान्यात आज जे रोज होतं, त्याची माणसातली सुरुवात अशी एका लाजऱ्या जोडप्यापासून झाली.

यातली खरी गोष्ट पिचकारीची नाही. मूल होत नाही म्हटल्यावर त्या काळातही बोट बायकोकडेच जायचं. हंटर यांनी नवऱ्याला तपासलं.

दुसरी बाजू

हंटर यांच्या आयुष्यावर एक डाग आहे आणि तो झाकून उपयोग नाही. आयर्लंडचा चार्ल्स बर्न हा साडेसात फुटांहून उंच तरुण लंडनमध्ये स्वतःला दाखवून पोट भरायचा. आपण मेल्यावर सर्जन लोक आपलं शरीर कापतील याची त्याला धास्ती होती. म्हणून आपल्याला समुद्रात पुरा, असं तो सांगून गेला. १७८३ मध्ये, २२ व्या वर्षी तो गेला. हंटर यांनी पैसे चारून प्रेत मिळवलं आणि त्याचा सांगाडा आपल्या संग्रहालयात उभा केला.

दोनशेहून जास्त वर्षं लोक तो सांगाडा बघत राहिले. शेवटी २०२३ मध्ये लंडनचं हंटेरियन म्युझियम दुरुस्तीनंतर उघडलं, तेव्हा तो सांगाडा लोकांसमोरून काढलेला होता. वेगळं शरीर असलेला माणूस आधी माणूस असतो, त्याचा शब्द पाळायला हवा, हे कबूल व्हायला इतका काळ गेला. कुणाच्या ऑपरेशनचा फोटो, कुणाच्या मुलाचा रिपोर्ट ग्रुपवर पुढे ढकलताना हेच लक्षात ठेवायला हवं.

शेवट आणि जळालेले कागद

हंटर यांना १७७३ पासून छातीत कळ येत होती. संताप आला की दुखणं उसळतं, हे ते ओळखून होते. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या बैठकीत विद्यार्थ्यांच्या प्रवेशावरून वाद झाला. त्यांना राग आला, ते शेजारच्या खोलीत गेले आणि तिथेच कोसळले. वय ६५.

मागे कर्ज राहिलं आणि सुमारे १४ हजार नमुन्यांचा संग्रह. सरकारने १७९९ मध्ये तो १५ हजार पौंडांना विकत घेतला आणि सर्जनांच्या संस्थेकडे सोपवला. मधली सहा वर्षं तो संग्रह विल्यम क्लिफ्ट या तरुण मदतनीसाने तुटपुंज्या पगारावर सांभाळला.

एव्हरार्ड होम यांनी हंटर यांचे हस्तलिखित कागद आपल्याकडे नेले होते. १८२३ मध्ये त्यांनी ते जाळून टाकले. त्यातला मजकूर होम यांनी स्वतःच्या नावावर खपवला, असा आरोप तेव्हापासून आहे. क्लिफ्टने बऱ्याच कागदांच्या नकला आधीच करून ठेवल्या होत्या, म्हणून काही तरी वाचलं. १८५९ मध्ये हंटर यांचे अवशेष वेस्टमिन्स्टर ॲबेत सन्मानाने हलवले गेले. १९४१ मध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बने संग्रहाचा मोठा भाग नष्ट झाला.

पुरुषाच्या पोटात गर्भाशय कसं?

आता सुरुवातीच्या बातमीचा उलगडा. गर्भाच्या पहिल्या दोन महिन्यांत प्रत्येकाच्या पोटात दोन्ही प्रकारच्या नळ्या असतात. एका जोडीतून पुरुषाच्या शुक्रवाहिन्या बनतात, दुसरीतून बाईचं गर्भाशय आणि गर्भनलिका. या दुसऱ्या जोडीला जर्मन अभ्यासक योहानेस म्युलर यांचं नाव आहे.

मुलगा असेल तर त्याच्या वृषणातून एक हार्मोन सुटतो आणि गर्भाशयाच्या नळ्या विरून जातात. हा हार्मोन बनलाच नाही, किंवा शरीराने त्याचं ऐकलं नाही, तर नळ्या विरत नाहीत आणि मुलाच्या पोटात छोटं गर्भाशय राहतं. बाहेरून तो पूर्ण मुलगाच असतो. वृषण मात्र बहुतेक वेळा नीट उतरलेलं नसतं, किंवा हर्निया असतो. म्हणून ही गोष्ट ऑपरेशनच्या टेबलावरच उघडी पडते.

गंमत बघा. जुळ्या कालवडीत हाच हार्मोन भावाकडून येतो आणि तिचं गर्भाशय वाढू देत नाही. पुरुषात तो हार्मोन कमी पडला की गर्भाशय राहून जातं. हंटर यांनी गोठ्यातून आणलेल्या कालवडीत जे पाहिलं, त्याचीच ही दुसरी बाजू.

अशा वेळी जाणता सर्जन घाईने काही कापत नाही. शुक्रवाहिनी त्या गर्भाशयाच्या भिंतीला चिकटून गेलेली असते, ती तुटली तर पुढे मूल होणं अवघड. तपासण्या करून, घरच्यांना समजावून, मग पुढचं ठरवतात. कधी दोन्ही वृषणं एकाच बाजूला सापडतात. कधी एका बाजूची शुक्रवाहिनी नसते. अशा वेळी त्या बाजूचं मूत्रपिंडही नसू शकतं, म्हणून सोनोग्राफी करतात. दोन्ही बाजूंची शुक्रवाहिनी नसेल तरी वृषणात बीज तयार होत असतं, आणि आजच्या उपचारांनी अशा पुरुषाला स्वतःचं मूल होऊ शकतं.

घरच्यांनी काय बघायचं

• बाळाला न्हाऊ घालताना दोन्ही गोट्या पिशवीत लागतात का ते बघा. पूर्ण दिवसांच्या १०० मुलग्यांत साधारण तिघांची एखादी गोटी जन्माच्या वेळी उतरलेली नसते. बऱ्याच मुलांत पहिल्या काही महिन्यांत ती आपोआप येते.

• सहा महिन्यांनंतरही आली नाही तर वाट बघत बसू नका, लहान मुलांच्या सर्जनला दाखवा. ऑपरेशन ६ ते १८ महिन्यांच्या वयात करतात. उशीर झाला तर पुढे मूल होण्याची अडचण आणि गोटीच्या कॅन्सरचा धोका वाढतो. मोठं झाल्यावर उतरेल, हा सल्ला ऐकू नका.

• रडताना किंवा खोकताना जांघेत फुगवटा येत असेल तर दाखवा. तो फुगवटा कडक झाला, आत जात नसेल आणि बाळ उलट्या करत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

• लघवीचं छिद्र टोकाला नसेल तर डॉक्टरांनी सांगेपर्यंत सुंता करू नका. दुरुस्तीच्या ऑपरेशनला ती कातडी लागते.

• लग्नाला वर्ष होऊनही मूल नसेल तर नवरा-बायको दोघांनी तपासायचं. पुरुषाची वीर्य तपासणी सगळ्यात सोपी आणि स्वस्त, ती आधी करून घ्या.

• ऑपरेशनमध्ये काही वेगळं सापडलं तर त्याचं नाव कागदावर लिहून घ्या आणि तो कागद जपून ठेवा. पुढच्या डॉक्टरला तोच लागतो.

अंगणवाडीत किंवा शाळेत तपासणीला डॉक्टर आले की लाज न बाळगता विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.